स्मृतिलोपाची खुर्ची

जगातला शेवटचा अणुबॉम्ब मोडून दशक उलटलं, तरी कुणाला सुखाची झोप नव्हती. कारण सरळ होतं. बॉम्ब कोठारात नसतोच मुळी, तो माणसांच्या अंगात मुरलेला असतो. आराखडे चोरून आणणाऱ्या देशांचे हातपाय गळाले ते इथेच. कागदावर सगळं होतं, पण बॉम्बसाठी युरेनियम शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या कवचावर तळहात ठेवून त्याची थरथर ओळखणारी माणसं नव्हती. ती घडवायला पिढी खर्ची पडते. म्हणून अण्वस्त्रं कायमची संपवायला नेमलेल्या जागतिक आयोगाने 'स्मृतिलोप' काढला. मेंदूतून ती विद्याच पुसून टाकायची.

देशातल्या शेवटच्या माहीतगार मंदाकिनी रेगे खुर्चीत बसल्या खऱ्या, पण डोक्याला पट्टा बांधू देईनात.

"दुखत नाही हो बाई," आयोगाचे डॉक्टर पाठारे म्हणाले.

"दुखायला कोण घाबरतंय? वासुदेव जाईल ना त्यात?"

डॉक्टरांनी हातातला पट्टा खाली केला. आठवणी मेंदूत सुट्या नसतात, एक ओढली की शेजारची उसवते. बाईंना ती थरथर शिकवली होती त्यांच्या नवऱ्याने, त्यांच्या हातावर आपला हात ठेवून. यंत्र विसरलं की तो हातही जाणार. वासुदेव वारल्यापासून बाईंजवळ तेवढाच उरला होता, आणि तो सुखासुखी देऊन टाकायला त्या मुळीच तयार नव्हत्या.

"जगाच्या भल्यासाठी, बाई."

"बरं, पुसलंत. सगळं गेलं हे कळणार कसं? तुम्हाला तर यातलं ओ की ठो कळत नाही."

"आयोगाचे परीक्षक आहेत ना! यंत्रावर हात ठेवायला लावतात. कुणी विसरल्याचं सोंग घेतलं तर लगेच पकडतात."

"म्हणजे त्यांना सगळं येतं."

"यायलाच हवं."

"मग त्यांचं कोण पुसणार?"

"त्यांचं पुसून कसं चालेल? मग तपासणार कोण?" डॉक्टर बोलून गेले आणि एकदम थांबले.

बाई ताडकन उठल्या. "सगळ्यांचं काढून घेतलंत आणि स्वतःजवळ ठेवलंत! आम्ही केलं तेव्हा निदान जगाला ठाऊक होतं, कुणाकडे आहे ते. जा, सांगा तुमच्या परीक्षकांना, आधी त्यांनी इथे बसावं. तोवर माझ्या डोक्याला हात लावाल तर याद राखा."

डॉक्टर आपल्या कोटावरच्या आयोगाच्या बिल्ल्याकडे बघत राहिले. बॉम्ब करू शकणारं आता जगात एकच सरकार उरलं होतं, आणि ते कुणीही निवडून दिलेलं नव्हतं.