टोपलीतून गेलेला रुमाल

दुआर्त आमच्याकडे पहिल्यांदा आला तो हवा भरायचा पंप मागायला. गाडीचं चाक बसलेलं, केसांतून पाणी निथळतंय, आणि नजर मात्र थेट आमच्या कातरणांच्या टोपलीवर.

"हे तुम्ही फेकून देता?"

"फेकायला आम्ही काय कारखानेवाले वाटलो तुला?" ग्रासिएत आत्या भडकलीच.

उत्तरेकडच्या विला वेर्दे गावात आमचं छोटंसं शिवणघर आहे. गावातलंच लिनन, गावातल्याच बायका, वर्षाला मोजके सदरे. आत्या एकेक चिंधी उजेडात धरून बघते, मगच टोपलीत टाकते. दुआर्त होता दक्षिणेकडचा, आलेन्तेजूचा. कॉर्कच्या सालीच्या पिशव्या बनवायचा आणि त्यांच्या अस्तराला त्याला आमची कातरणं हवी होती. मग काय, दर गुरुवारी स्वारी हजर!

"आज एवढीच कातरणं, इरिया?"

"मग तुझ्यासाठी सदरे वाकडे कापू का?"

"काप की... मी रोज येईन."

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र सुईच बोटात घुसली.

त्याच आठवड्यात मी गुपचूप एक रुमाल भरायला घेतला. आमच्याकडे रुमाल म्हणजे गंमत नाही हं! मुलीनं भरलेला रुमाल मुलानं चारचौघांत गळ्यात बांधला, की लग्न ठरलं. परत केला, की विषय संपला. द्यायची हिंमत माझ्यात होती कुठे? दोन पक्षी भरले, दुसऱ्याचा डोळा तेवढा राहिला, आणि रुमाल मशीनच्या खणात दडवून ठेवला.

रविवारी मिस्सेची प्रार्थना संपली. चर्चच्या पायऱ्यांवर अख्खं गाव गप्पा मारत उभं होतं. समोरून दुआर्त आला, रिकामी टोपली परत करायला. आणि त्याच्या गळ्यात – माझा रुमाल!

गप्पा एकदम थांबल्या.

"अगं बाई! इरिया, आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस?" शेजारच्या आल्बेर्तिनाबाई किंचाळल्या.

मी त्याला बाहीला धरून कडेला ओढलं. कडेला म्हणजे काय, गाव चार पावलांवर कान टवकारून उभंच.

"हा कुठे मिळाला तुला?"

"टोपलीत, चिंध्यांखाली. एका पक्ष्याला डोळा नव्हता, म्हटलं बिघडला म्हणून टाकला असेल. पण एवढं सुंदर काम कापायला मन धजलं नाही... का? काय झालं?"

मी सांगून टाकलं. गळ्यात बांधण्याचं, परत करण्याचं... आणि कुणासाठी भरला, तेही तोंडातून निसटलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी आत्ता... सगळ्यांसमोर..."

"हो."

"लग्न?"

"हो!"

त्यानं गाठ सोडली. रुमालाची नीट घडी घातली. आणि माझ्या हातात ठेवला.

पायऱ्यांवर कुणीतरी "अरेरे" म्हणालं. रडू फुटू नये म्हणून मी त्या डोळा नसलेल्या पक्ष्याकडे बघत राहिले. गाव हसलं तर हसू दे. माझे गुरुवार संपले होते, त्याचंच मला सोसवत नव्हतं.

"हा मला टोपलीनं दिला होता," तो म्हणाला. "तू नाही. तुला द्यायचा असेल... तर तू दे."

"डोळा भरायचा राहिलाय," एवढंच कसंबसं बोलले.

"गुरुवारी भर. गळ्यातच असेल. मी मान हलवणार नाही."

मी रुमाल त्याच्या गळ्याभोवती टाकला. घाईघाईत गाठ दोनदा सुटली. मागे अख्खं गाव आ वासून उभं. आल्बेर्तिनाबाईंच्या हातून तर छत्रीच पडली!

एका ग्रासिएत आत्याला तेवढं काडीचंही आश्चर्य वाटलं नव्हतं. एकेक चिंधी उजेडात धरून बघणारी ती; खणातला रुमाल चिंध्यांखाली आपोआप थोडाच गेला होता? रिकामी टोपली काखेत मारत ती म्हणाली, "किती वेळ लावता रे! घट्ट बांध गं ती गाठ, आणि चला. जेवण गार होतंय."