आतली आई

दवाखान्याची खिडकी बंद करून, घशाच्या औषधाची बाटली खिशात टाकून कंपाउंडर नाट्यगृहाकडे निघाला तेव्हा दुपार नुकतीच कलली होती. भुतं म्हणे रात्रीचीच निघतात. हे ज्यांनी लिहून ठेवलं ते शिकलेले लोक. दुपारी जेवून घोरणाऱ्यांना दुपारचं काय ठाऊक?

नाट्यगृह म्हणायचं आपलं. मुळात ते गोदाम. उंदरांनी सोडलं आणि हौशी मंडळींनी धरलं. हौशी म्हणजे कोण, तर ज्यांच्याजवळ पैसे सोडून सगळं असतं. प्रयोग रविवारी दुपारी, कारण संध्याकाळी प्रेक्षकांना आपापल्या घरातली नाटकं असतात.

कंपाउंडर दिवसभर खिडकीशी उभा राहून लोकांना शक्तीची औषधं द्यायचा आणि स्वतः भिंतीला टेकून श्वास घ्यायचा. दवाखान्यात उभा, तालमीत उभा, प्रयोगात उभा. दर हंगामाला तो म्हणायचा, ‘आता पुरे,’ आणि मंडळाचे मास्तर त्याच्या हातात नवीन नाटकाची वही ठेवायचे. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. तिथे त्यांना माणसाचे हात काढता यायचे नाहीत, म्हणून ते जिवंत माणसांच्या हातांना कामाला लावत.

बायकोने यंदा बजावलं होतं. “नाटकाला माझी ना नाही हो. पण उरलेला नवरा मला मिळतो, आणि उरतच नाही काही.”

या हंगामाच्या नाटकात कंपाउंडर घर विकायला निघालेल्या मुलाचं काम करत होता. त्याची अंथरुणाला खिळलेली आई समोर येतच नाही, आतल्या खोलीतून नुसती बोलते. मंडळाची जुनी पद्धत अशी, की आतल्या आवाजाला नट ठरवायचा नाही. विंगेत जो मोकळा असेल त्याने बोलून टाकायचं. जाहिरातीत नाव नाही, रंग नाही, पोशाख नाही. नाटकातलं सगळ्यात स्वस्त पात्र.

मुलगा घरात शिरला की आतून यायचं, “आलास का रे?” याने म्हणायचं, “आलो, आई.” एवढंच लिहिलेलं होतं. पण हंगाम जरा पुढे सरकला आणि आतून आणखी तीन शब्द यायला लागले.

“दमलास ना रे?”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कंपाउंडरला पुढचं वाक्य आठवेना. किती वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं! खिडकीशी विचारायचे, “अजून किती वेळ?” घरी विचारायचे, “आणलंत का?” मास्तर विचारायचे, “पाठ आहे ना?” त्याची खरी आई तर हाक मारायची तेव्हा तिसऱ्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. हा आवाज मऊ होता. कुणाच्याच आईसारखा नव्हता, म्हणून प्रत्येकाला आपल्या आईचा वाटायचा. प्रेक्षक त्या तीन शब्दांना नाकं पुसायचे. शेवटी मुलगा आतलं दार उघडून आईकडे जातो आणि पडदा पडतो. दारामागे कुणीच नसायचं. कंपाउंडर समजायचा, गेली बाई चहाला.

गेल्या रविवारी तो आवाज जरा खरखरला. म्हणून ही बाटली. आज हंगामाचा शेवटचा प्रयोग, जाताजाता आभार तरी मानावेत.

रंगपटात तिघं होती. मास्तर, कपडेपट सांभाळणारी शिंपीण, आणि शेजारणीचं काम करणाऱ्या रेडिओकाकू. त्यांना रेडिओकाकू का म्हणायचे हे सांगायला नको. फरक एवढाच, की रेडिओ बंद करता येतो.

“घ्या,” कंपाउंडर म्हणाला. “घसा कुणाचा बसलाय?”

“फुकट आहे का?” काकूंनी हात पुढे केला. “मग माझाच.”

“म्हणजे आईचं काम तुम्ही करता?”

“मी बाई कशाला? मी तेव्हा साडी बदलत असते. ही करते, शिंपीण.”

शिंपीण सुईत दोरा ओवता ओवता थांबली. “मी पहिल्या खेळाला केलं. मग एकदा उभी राहायला गेले, तर आधीच कुणी बोलत होतं. म्हटलं, बरं झालं. मास्तर असतील, त्यांना जमतो बाईचा आवाज.”

“मला?” मास्तरांनी चष्मा काढला. “अहो, मी पडद्याच्या दोरीशी असतो, पार पलीकडे. मला वाटलं, काकू...”

“मला वाटलं, शिंपीण...”

मग कुणालाच काही वाटेना. रेडिओ प्रथमच बंद पडला होता.

“हे बघा,” मास्तर शेवटी म्हणाले, “कुणीतरी हौशी असेल. आपल्याला काय, काम झाल्याशी मतलब. तरी आज मी स्वतः उभा राहतो तिथे. दोरी शिंपीण धरेल. कंपाउंडर, चेहरा असा पाडू नका, पुढच्या हंगामाची वही मी आणलीय.”

हसतमुखाने माणसाला गाडणं म्हणतात ते हे.

पहिली घंटा झाली. आत लाकडाचा, खळीचा, ओल्या भिंतीचा वास कोंडला होता. कंपाउंडरने पडद्याच्या फटीतून पाहिलं. पुढच्या रांगेत चक्क बायको! सकाळी निघताना म्हणालीच होती, “शेवटचा आहे म्हणता ना, मग शेवटचाच आहे का ते बघायला येते.”

पडदा उघडला. कंपाउंडर पिशवी घेऊन ‘घरात’ शिरला. समोरच्या विंगेत मास्तर उभे. त्यांनी तोंड उघडलं.

“आलास का रे?”

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. आवाज त्यांचा नव्हता. तो आतल्या दारामागून आला होता. मास्तरांचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. हात नीट काढता न आलेल्या चित्रासारखा.

“आलो... आई,” कंपाउंडर म्हणाला.

“दमलास ना रे?”

दारामागे काय आहे हे सगळ्या मंडळाला पाठ. वीतभर जागा, केरसुणी, रंगाचे डबे आणि गोदामाची भिंत. तिथे उभं राहायला माणसाला अंग चोरावं लागतं. तरी आवाज लांबून यायचा, एखाद्या मोठ्या घराच्या मागच्या खोलीतून यावा तसा.

नाटक पुढे गेलं. नाटकाला कुठे पाय असतात, पण ते चालतं. कंपाउंडर भांडला, रडला, घराचा सौदा मोडला. पायांत गोळे आले. काकू भीतीने आपली वाक्यं इतकी भरभर बोलल्या की प्रेक्षकांना ते विनोदी वाटलं. शेवटचा प्रवेश आला. कंपाउंडर एकटा, समोर ते रंगवलेलं दार.

“ये आता... आत ये,” आवाज म्हणाला. मग वहीत कुठेच नसलेलं म्हणाला, “अंथरूण घातलंय तुझं.”

मास्तर विंगेतून जोरजोरात मान हलवत होते. नको. नको. कंपाउंडरने ते पाहिलं, आणि तरी कडी काढली.

दार बोटभर उघडलं. भिंत नव्हती. एक लांब, थंड खोली होती, अर्ध्या उजेडाची. तिच्या पार टोकाला पांढरं अंथरूण. उशी थोपटलेली. त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीच्या वर, दुधावर साय धरावी तशी, झोप धरली होती. एक पाऊल टाकलं की संपलं. खिडकी नाही, वही नाही, ‘अजून किती वेळ’ नाही. परत यायची वाट मात्र त्या खोलीत कुठे दिसत नव्हती, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

त्याने पाऊल उचललं.

“अहो!” प्रेक्षकांतून बायकोचा आवाज आला. “पुरे झालं. घरी चला.”

सगळं नाट्यगृह खळखळून हसलं. कंपाउंडर जागा झाल्यासारखा वळला. दार मागे ढकलून, तरातरा पुढे येऊन, पायऱ्या उतरून खाली आला. शिंपिणीने घाबरून दोरी सोडली, पडदा पडला आणि टाळ्यांचा पाऊस. काय शेवट केला म्हणाले! मुलगा चक्क नाटक सोडून घरी गेला!

दोघं घरी निघाली तेव्हा उन्हं अजून भिंतींवर होती. बायको खुशीत होती.

“शेवट बदललात ते छान केलंत.”

“तू हाक मारलीस म्हणून वाचलो,” कंपाउंडर म्हणाला.

“मी?” ती थांबली. “भर नाटकात मी कशाला ओरडू? मी काय रेडिओकाकू आहे?”

“पण तुझाच आवाज...”

“हो ना. माझ्याच खुर्चीमागून आला. मी म्हटलं, तुमच्या त्या आईचं काम करणाऱ्या बाई नक्कल करतायत. हुबेहूब केली हो. वळून बघितलं तर कुणी नाही. गेल्या असतील पुढे.”

कंपाउंडर पाय ओढत चालू लागला. बोलायलाही ताकद लागते.

बायकोने कुलूप काढलं. बाहेरच्या खोलीत सकाळचे कप तसेच पडले होते. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते, आणि खाली अंथरूण घातलेलं. एकाच माणसाचं. उशी थोपटलेली, पांघरुणाचं एक टोक दुमडून उघडं ठेवलेलं.

“हे कधी घातलंत?” बायको म्हणाली, आणि मग दारातच थबकली. “अहो... ही चादर आपली नाही. बसू नका तिथे.”

पण कंपाउंडर तोवर कडेला टेकला होता. चादर गरम होती, आत्ताच कुणीतरी उठून जागा करून दिल्यासारखी.