ओट्यावरच्या रेघा

हसणार नसाल तर सांगते.

त्याने मला ताई म्हटलं नाही ना, तिथेच मला कळायला हवं होतं. आईला काकू, वॉचमनला दादा, शेजारच्या मुलीला ताई. आणि मला? "ऐकलं का." म्हणजे काय, मी काय त्याची बायको?

तर झालं असं — बाबा गेल्यावर घर विकायचं ठरलं. घेणाऱ्या बाईंची एकच अट, ओट्यात मोठं सिंक बसवून द्या, मगच चाव्या घेईन. आणि चाव्या दिल्या की आम्ही दोघी मामाकडे, पार दुसऱ्या गावी. घरभर खोकी. आई फारशी बोलायचीच नाही, नुसती सुतळ्या बांधत बसायची. अशात हा आला, दगड कापणारा मिस्त्री. तोंडाला मास्क, भुवयांवर पांढरी धूळ. मी दार उघडलं तर बघतच राहिला... मग म्हणतो, "ओटा कुठंय?"

"स्वयंपाकघरात. बाकीच्यांकडे कुठे असतो?"

मास्कच्या आत हसला. डोळ्यांवरून कळतं गं.

सिंकचं भोक अगदी सुबक कापलं त्याने. पण पाणी पुसलं आणि... त्या काळ्याभोर ग्रॅनाइटवर भोकाच्या चारी बाजूंनी पांढरट रेघाच रेघा. मशीनच्या तळाचा पत्रा घासला होता. दगडावर आधी टेप चिकटवतात आणि मग तिच्यावरून मशीन चालवतात. याने टेपच लावली नव्हती. तो ओटा बाबांनी स्वतः निवडून आणलेला. आईने रेघांवरून बोट फिरवलं आणि आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

"काढून देतो," तो म्हणाला. "सगळ्या. मी स्वतः येऊन."

मग तो रोज यायचा, दुसरीकडचं काम उरकून. मशीनला आधी खरखरीत चकती, वरून पाण्याची धार, मग जरा मऊ चकती, मग आणखी मऊ. रेघ गेली की नाही ते वरून बघून कळत नाही. ओट्याला गाल टेकवायचा आणि खिडकीच्या उजेडाकडे तिरकं बघायचं. नेमकं आभाळ भरलेलं, उजेडाचा पत्ता नाही, म्हणून काम लांबतच गेलं. एकदा तो त्या टोकाला गाल टेकून, मी या टोकाला...

"दिसतंय का काही?"

"दिसतंय."

"रेघ?"

"नाही."

दोघंही उठेनात. गाल गारठला माझा, शप्पथ. आतून आई म्हणाली, "काय गं, झोप लागली का तुम्हाला ओट्यावर?"

रोज दगड थोडा अजून काळा व्हायचा, आणि मी उरलेल्या रेघा मोजायचे. शेवटची रेघ गेली की चाव्या जाणार, मग आम्हीही. एके दिवशी त्याला सांगून टाकलं. त्याने मशीन बंद केलं.

"मला वाटलं, नवीन स्वयंपाकघर करताय."

"एवढी खोकी दिसली नाहीत?"

"खोक्यांकडे कुठे बघत होतो मी."

नळ तेवढा टपकत होता, आणि आत आई सुतळ्या बांधत होती. मग मान खाली घालून म्हणाला, "टेप विसरलो नव्हतो. खिशातच होती. म्हटलं, एखादी रेघ उमटली तर परत यायला मिळेल... एवढ्या उमटतील असं वाटलं नव्हतं."

मला आधी काय आठवलं असेल? आईचं झाकून ठेवलेलं ताट.

"आई जेवली नव्हती त्या रात्री," मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन खोक्यावर बसले. राग आला होता. आणि रागात मला रडूच येतं, तुम्हाला माहितीये.

आत मशीन पुन्हा सुरू झालं. इतका राग, तरी मनात पाप आलंच — एक तरी रेघ ठेव रे. नाही ठेवली त्याने. संध्याकाळी आईने वाकून बघितलं, तर दगडात तिचा चेहरा दिसला, स्पष्ट.

"हे होते तेव्हा तरी इतका कुठे चमकायचा," ती म्हणाली.

"काकू, ती चूक माझीच होती."

"असू दे. विसरतो माणूस."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी फडकं उचललं आणि ओटा पुसायला लागले.

तो सामान आवरत होता. मी त्याच्या पिशवीतून टेपचं बंडल काढलं, एक पट्टी फाडली, तिच्यावर मामाचा पत्ता लिहिला आणि दिली त्याच्या मशीनवर चिकटवून.

"तिथल्या ओट्याला सिंकच नाही."

"मोठं बसवायचं?"

"मोठंच. आणि आधी टेप लाव."

लाव म्हटलं मी. लावा नाही. दोघांच्याही लक्षात आलं. जिन्यात त्याची पावलं बराच वेळ वाजत होती...

अजून आलेला नाही. इथला ओटा जुन्या, खडबडीत दगडाचा. मी गाल टेकून बघते कधी कधी. काही दिसत नाही, नुसतं गार लागतं. सिंक हवं म्हणून मामाच्या मागे लागलेय, तर मामी म्हणते, "कशाला गं? मोरी आहे की चांगली."

आणि काल आई... इथे आल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून बोलली. भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

"घ्या बसवून, वहिनी. आमच्या ओळखीचा मुलगा आहे एक. काम छान करतो. टेप तेवढी खिशात ठेवतो."