श्रद्धांजलीची तालीम

केतकी गुरव रोज चहाबरोबर लोकांचं वाचन पाहायची. ती नोकरीच होती. तिच्या प्रकाशनसंस्थेने 'प्रसंगोचित भाषणे' हे पुस्तक स्पर्शकागदावर छापलं होतं. कागदात विणलेल्या तंतूंना बोट कुठे थांबलं, पानावर काय ठेवलं ते कळायचं. पान मोठ्याने वाचलं तर आवाजही. वाचकाचं नाव गाळून फक्त गाव कळवलं जाई. याची परवानगी मुखपृष्ठाच्या आत बारीक अक्षरांत घेतलेली होती. ते पान कुणी वाचल्याची नोंद नव्हती. व्यसनमुक्तीचं भाषण मात्र बऱ्याच ठिकाणी ग्लासाखाली असायचं.

त्या सकाळी विट्यात श्रद्धांजलीचं पान जोरात होतं. विटा केतकीचं माहेर. शेजारच्या टेबलावरच्या रणजितला वाटलं, कुणीतरी बडी असामी गेली असणार. पण तिकडे कुणी गेलं की तिचे वडील, आबा, लगेच फोन करत, आणि शोकसभेत कोण किती लांबलं ते सांगायला पुन्हा. फोन आलेला नव्हता.

"मग जिवंत माणसाचीच तालीम चाललीये," रणजित म्हणाला. "तुमच्याकडे वक्ते इतके, की शेवटच्याला सांगायला गुणच उरत नाहीत. आधीच नंबर लावलेला बरा."

केतकी हसली आणि तिने आवाज लावला. पानावर 'कैलासवासी'पुढे रिकामी जागा होती. पहिल्या वाचकाने ती भरली: महादेव गुरव गुरुजी. दुसऱ्यानेही.

महादेव गुरव म्हणजे आबा. रणजित खिडकी उघडायला उठला. ती उघडीच होती.

तिने फोन लावला. आबांचा आवाज ठणठणीत. पित्त झालंय, शिंगटे डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिलेत, आणि कामाच्या वेळी फोन कशाला करतेस, असं सुनावून त्यांनी ठेवूनही दिला. तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात तिसरा वाचक सुरू झाला. तो छापील मजकूर सोडून अडखळत स्वतःचंच बोलत होता.

"गुरुजींनी मला पाढे शिकवले. शेवटी माझ्याच दवाखान्यात यायचे. म्हणायचे, शिंगट्या, पोरीला पित्तच सांग."

शिंगट्यांचा कंपाउंडर गावातल्या सगळ्या शोकसभांचं सूत्रसंचालन करतो, हे तिला आत्ता आठवलं. वक्ते ठरले असणार. हारही सांगितला असेल.

पडद्यावर विट्यातलं आणखी एक पान उघडलं. हे श्रद्धांजलीचं नव्हतं. 'निरोप समारंभाला उत्तर.' आबा तर कधीचेच निवृत्त झाले होते.

आवाज तिने पहिल्या शब्दाला ओळखला. छापलेलं होतं 'माझ्या सहकाऱ्यांनो'. त्यांनी वाचलं, "केतके."

पुढचं वाक्य येईना. बोट तिथेच टेकलेलं दिसत होतं.

तिने पुन्हा फोन उचलला. त्यांनी हे कागदाला सांगितलं होतं, तिला नाही. जे ऐकायचं नव्हतं ते ऐकल्याचं कबूल करून त्यांना थांबवायचं, की त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचं? आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे आहे का?