रिकाम्या खुर्चीसमोरचा ब्रश

ही घडलेली गोष्ट आहे. मी रोज जप करणारी बाई. खोटं बोलायचं नाही, हे माझं व्रतच आहे.

रात्र वगैरे नव्हती. सुट्टीची भर दुपार. प्रयोगशाळेत मी एकटी.

चुनखडीचा खडक फोडून, धुऊन, चाळून जी वाळू उरते, तिच्यात प्राचीन समुद्रातले शंख असतात. तिळाहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशने एकेक उचलायचा आणि पट्टीवरच्या चौकटीत ठेवायचा. कुठली जात सापडते, त्यावरून खडकाचं वय ठरतं.

हे काम आधी ह्यांचं. ब्रश पाण्यात न बुडवता हे तो जिभेला लावायचे.

"शी, काय ते," मी म्हणायची.

"अगं, समुद्र आहे तो. अजून खारट लागतो."

हे गेले, तेव्हापासून मी मीठ सोडलंय.

जाण्याआधी एका खडकावरून ह्यांचं प्रयोगशाळेच्या साहेबांशी वाजलं होतं. हे म्हणायचे, खडक फार जुना आहे. पुरावा म्हणून एकच जात हवी होती. गोल, काटेरी. पृथ्वीवर थोडाच काळ, फक्त त्या जुन्या युगात जगलेली. ती मिळाली नाही, तर ह्यांचा शब्द कायमचा खोटा पडणार होता.

त्या दुपारी मी त्या खडकाचा शेवटचा कण तपासला.

नव्हती.

पाण्याची वाटी पालथी घातली. ब्रश पुसून ठेवला. डोळे मिटून नाम घेऊ लागले.

आणि शेजारची खुर्ची... करकरली.

ह्यांची खुर्ची. रिकामीच होती.

पण ब्रश ओला होता. टोक निमुळतं... ओठांतून ओढून काढल्यासारखं.

मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. शेवटच्या चौकटीत... ती. गोल, काटेरी.

दुसऱ्या दिवशी साहेब बघतच राहिले. "वहिनी, जिंकला की तुमचा हट्टी माणूस. तुम्हीच उचललीत ना ही?"

आमच्या कामात नियम आहे. नमुन्यातून उचलताना पाहिला नाही, तो शंख पुराव्यात धरायचा नाही. जुन्या नमुन्यातला ब्रशला चिकटून आलेला असू शकतो.

एक 'हो' म्हटलं असतं तर...

"नाही," मी म्हणाले. "मी नाही उचलली."

साहेबांनी ती चौकट रिकामी केली.

तेव्हापासून ती खुर्ची वाजलेली नाही. निघताना मी ब्रश पुसून तिच्यासमोर ठेवते. सकाळी तो कोरडाच असतो.

फक्त कधी कधी, काम करता करता, ओठांवर खारट लागतं...

मी तर मीठ खात नाही.