ताणजीवी

निवृत्ती वाघचौरे यांच्या थोरल्या लेकीचं लग्न ज्या वैशाखात झालं, त्याच वैशाखात, म्हणजे २०५१ साली, धाकटीचा गुडघा तिसऱ्यांदा गेला. सुगंधा खो-खो खेळायची. खांबाला वळसा घेताना पाय मुरगळला आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटला.

"पहिल्यांदा मांडीमागची कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, काढून बसवली, दुसऱ्यांदा वाटीखालची," शल्यचिकित्सक डॉ. ओगले बाई म्हणाल्या. "आता डाव्या पायातली घेतली, तर तोही दुबळा होईल."

"माझी घ्या," निवृत्ती म्हणाले.

"काका, तुमची साठीतली. मृताची मिळेल, पण खेळाचा मार सोसेल याची खात्री नाही."

"अण्णा, मला नुसता मांडी घालून जेवण्यापुरता गुडघा नकोय," सुगंधा म्हणाली.

तेव्हा पेशीतज्ज्ञ तांबोळींनी काचेची नळी पुढे केली. आत पांढरा धागा होता. "ताणजीवी पेशी. हिच्याच कंडरेतून वाढवल्यात. ओढ हेच यांचं अन्न. जितकी ओढ, तितक्या जाड."

"आणि ओढच नसेल तर?" ओगले बाईंनी विचारलं.

"जिथे असेल तिकडे सरकतात. म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालायचं, दुखलं तरी. नाही चालली, तर गुडघा कच्चा राहील. एवढंच."

धागा बसवला. घरी पहिलं पाऊल टाकताच सुगंधा किंचाळली आणि निवृत्तींचं काळीज फाटलं.

"पाय टेकवायचा नाही."

"अहो अण्णा, डॉक्टर चाल म्हणतात!"

"त्यांच्या लेकीचा पाय नाही हा. आता चौथ्यांदा तुटू देणार नाही मी."

दिवाळीपर्यंत ते तिला उचलून न्हाणीत नेत, ताट हातात आणून देत. ओगले बाईंचा फोन आला की म्हणत, "चालते की! झकास चालते."

दिवाळीनंतर सुगंधाला पडल्यापडल्या धाप लागू लागली. पावलं सुजली. तपासणीत गुडघ्यातला धागा जवळपास नाहीसा झालेला दिसला. तांबोळी हृदयाच्या चित्रापुढे खिळून उभे राहिले.

"झडपांना दोऱ्या असतात, कंडरेच्याच जातीच्या," ते हळू आवाजात म्हणाले. "ही चाललीच नाही. अंथरुणाला खिळलेल्या अंगात न थांबता ओढ बसते ती तिथेच. सगळ्या पेशी तिकडे गेल्या. दोऱ्या इतक्या जाड झाल्यात की झडप मिटत नाही. हे मला आधीच सुचायला हवं होतं."

"मग कापून काढा ना!"

"त्यासाठी हृदय थांबवावं लागेल," ओगले बाई म्हणाल्या. "ते आता इतकं थकलंय की पुन्हा सुरू होणार नाही, काका."

निवृत्तींनी लेकीच्या काखेत हात घातले. "ऊठ, सुगे. चल. चाललीस की त्या परत खाली येतील. येतील ना हो?"

तांबोळींनी त्यांचे हात धरले. "चालली की हृदय आणखी जोरात ओढेल."

निवृत्तींनी तिला पुन्हा निजवलं. पण निजवून तरी काय होणार, हे आता त्यांनाही कळत होतं.

सुगंधा निवृत्ती वाघचौरे, वय बावीस, त्याच सालच्या मार्गशीर्षात, पौर्णिमेच्या आदल्या दुपारी वारली.