थोरलीच्या पलीकडची खरवड

शेकोटी नको रे बाबांनो, महिनाभर आगच विझवतोय आपण. बसा असेच अंधारात. रॉस्को टिबेट्सचं सांगतो. माझ्याच तुकडीतला, थापा मारणारा गडी नव्हे.

गेल्या सप्टेंबरातला दुसरा मंगळवार. सिक्वोयाच्या, त्या आभाळाएवढ्या झाडांच्या, राखीव रानातली आग आटोक्यात आलेली. तपासायचं राहिलं होतं एकच झाड, सगळ्यांत जुनं; थोरली म्हणायचो आम्ही त्याला. बुंधा एवढा की अलीकडच्याला पलीकडचा दिसत नाही. दिवस कलताना मुकादमीण डोलोरेस म्हणाली, "रॉस्को, इलादियोला घे आणि थोरलीची राख चाचपून ये. गार असली तर उद्या सगळे घरी."

चाचपायची ती उघड्या हातानं, तुम्हाला काय सांगायचं! एक निखारा मुळाशी राहिला तर झाड आतून जळत जातं, नि दोन हजार वर्षांचा जीव आपल्या आळसापायी जातो. पण रॉस्कोच्या अंगात त्राणच नव्हतं. इलादियो पलीकडे वळला, तसं ह्यानं हातमोज्यानंच राख थोपटली.

"गार आहे रे! चल, मरू दे, झोपू."

पलीकडून नुसती राख उकरल्याची खरवड... खरवड.

"पुरे की लेका! झाडाशी लग्न लावतोस काय?"

खरवड थांबली. मग एक दमलेला, बसका आवाज आला.

"हातमोजा काढ."

धुरानं घसा बसला असेल इलादियोचा, असं वाटलं त्याला. लाजही वाटली. हातमोजा काढून त्यानं राखेत हात खुपसला... आई गं! खाली निखारेच निखारे. रडकुंडीला आला बिचारा. तरी फावडं उचललं.

रात्रभर तो अलीकडून उकरत होता. पलीकडून ती खरवड. हा दम खायला थांबे. ती थांबत नसे.

पहाटे वायरलेस खरखरला. इलादियोच.

"जिवंत आहेस का रे? घोटा मुरगळला म्हणून मी कालच तळावर परतलो. निघताना किती हाका मारल्या तुला!"

रॉस्कोनं बुंध्याकडे पाहिलं.

पलीकडे... खरवड चालूच.

पळावंसं वाटलं. पण निखारे तसेच सोडले, तर थोरली जाणार. तो उकरत राहिला. दुसरं करणार काय?

उजाडलं तशी खरवड थांबली. तेव्हा कुठे तो पलीकडे गेला.

थोरली वाचली, आजही उभी आहे. पण पलीकडची राख पार मातीपर्यंत काढलेली होती. फावड्याचा माग नाही. बुटाचा ठसा नाही. मातीत नुसते बोटांचे ओरखडे... हातभर खोल.

दुपारी मी स्वतः त्यांत हात घालून पाहिला. टेकवत नव्हता, इतकी माती तापलेली होती.